गालाला लावून बघितलेली ऊब

आमच्या गल्लीत वाफवहिनींची एक गोष्ट सांगतात. नवराबायकोचं वाजलं, वहिनींचा पारा चढला आणि त्यांनी तापलेली इस्त्री नवऱ्याच्या हातावर टेकवली. म्हणून घडीभाऊंची बोटं गेली. सांगणारा आवाज खाली आणून सांगतो, ऐकणारा "अगं बाई!" म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी दोघांचेही कपडे त्याच दुकानात जातात. बोटांचं काय ते देव जाणे, कॉलर कडक मिळते ना!

तर आधी हे खोडून काढते. खोटं आहे, शंभर टक्के खोटं. गल्लीतल्या अफवांच्या बाबतीत माझ्या शब्दाला मान आहे, कारण निम्म्या माझ्याच जिन्यावरून खाली उतरलेल्या असतात. ही माझी नाही. माझी असती तर जास्त नीट रचलेली असती. घडीभाऊंची बोटं इस्त्रीनं गेली नाहीत, दवाखान्यातल्या औषधानं गेली, आणि त्याच औषधानं त्यांचा जीव राखला. पंचाईत एवढीच की ही अफवा आमच्या गल्लीत एकाच माणसाला मनापासून खरी वाटायची, आणि ते माणूस म्हणजे खुद्द वाफवहिनी.

दुकान आमच्याच इमारतीत, जिन्याखाली. दुकान कसलं, एक पलंग टाकला तर दार लागणार नाही एवढी खोली. मध्ये टेबल, त्यावर जुन्या घोंगड्यांचे थर, थरांवर डाग पडलेली चादर, आणि छतातून लोंबणाऱ्या वायरीला टांगल्यासारखी इस्त्री. मी दुसऱ्या मजल्यावर राहते, पण माझा पत्ता कुणी विचारला तर बरेच जण हेच दुकान दाखवतील. टेबलाच्या त्या बाजूला वहिनी, या बाजूला स्टुलावर भाऊ. "वाफवहिनी" हे नाव मीच ठेवलं. ओल्या कपड्यावर इस्त्री ठेवल्यावर जो आवाज होतो, तोच आवाज वहिनी गिऱ्हाईकाशी बोलताना करतात. "संध्याकाळी मिळेल का हो?" असं कुणी विचारलं की, "फुस्स! संध्याकाळी काय, अंगावरच करून देते, उभे राहा."

गरम काम वहिनींचं, गार काम भाऊंचं. वहिनी इस्त्री फिरवायच्या आणि शर्ट न बघता पलीकडे ढकलायच्या. भाऊ त्याची घडी घालायचे. लग्न झाल्यापासून हीच वाटणी. वहिनींनी घडी घातली की शर्ट पोटात कळ आल्यासारखा दिसे, हे त्यांचंच म्हणणं. आणि भाऊंनी घातलेली घडी म्हणजे काय सांगू! बाह्या पाठीमागे हात बांधून उभ्या राहिल्यासारख्या, कडा सुरीनं कापल्यासारख्या. बोटं कपड्यावर नुसती टेकायची, दाबायची नाहीत. आमचे हे एकदा साहेबांच्या निरोपसमारंभाला अंगातल्याच चुरगळलेल्या शर्टावर गेले, कारण इस्त्रीच्या शर्टाची घडी मोडवेना.

वहिनींची एक सवय सांगून ठेवते, पुढे लागणार आहे. कपड्याला लावण्याआधी त्या इस्त्री उचलून स्वतःच्या उजव्या गालाजवळ नेत आणि "हं" म्हणत. त्या "हं"वर कळायचं, रेशमाला चालेल की सुतीला. तो गाल दुसऱ्यापेक्षा कायम लाल. मी म्हणायची, "वहिनी, तुम्ही एकाच बाजूनं लाजता का हो?" त्या म्हणायच्या, "दुसरी बाजू तुझ्याकडे असते ना बये, तुला बघून लाज पळते."

आता आजारपण. भाऊंना लघवीला जळजळ होत होती, पण हे गृहस्थ बायकोलासुद्धा सांगतील तर शपथ. ताप आला, तोही अंगावर काढला. मग एका सकाळी मी दूध घेऊन येत होते, तर भाऊ स्टुलावर बसून एकाच टॉवेलची घडी घालताहेत, मोडताहेत, परत घालताहेत. मला म्हणाले, "हा कुणाचा हो? काल दोनदा विचारायला आले होते." टॉवेल त्यांचाच होता. मी हसणार होते, पण वहिनींकडे बघितलं आणि हसू ओठातच राहिलं. त्या इस्त्रीचा प्लग काढत होत्या. भर सकाळी, टेबलावर कपडे पडलेले असताना, इस्त्रीचा प्लग!

दवाखान्यात पोचलो तोवर भाऊ ओळख देईनात. अतिदक्षता विभागात नेलं, काचेचं दार बंद झालं. बऱ्याच वेळानं एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. म्हणाली, लघवीतले जंतू रक्तात पसरलेत, रक्तदाब लागतच नाहीये. सलाईन भरपूर दिलं, उपयोग झाला नाही. "सगळ्या नसा सैल पडल्यात, त्यामुळे रक्ताला जोरच राहिला नाही. आता नसा आवळायचं औषध सुरू केलंय."

"म्हणजे लेंग्याची नाडी आवळतात तसं?" वहिनींनी विचारलं.

डॉक्टरीण म्हणाली, "हो, साधारण तसंच."

"मग घट्ट आवळा. ढिला लेंगा काय कामाचा?"

त्या औषधाचं खरं नाव लांबलचक, नॉरअॅड्रिनलिन. पण बाहेरच्या बाकांवर बसलेल्यांत त्याला सगळे "सपोर्ट" म्हणत. तिथली भाषाच वेगळी. अनोळखी माणसं एकमेकांना नाव-गाव विचारत नाहीत, विचारतात, "तुमचा सपोर्ट वाढला की उतरला?" भाऊंच्या मानेतल्या मोठ्या नसेत नळी घातली होती, आणि उशाशी एका यंत्रात मोठी सिरिंज आडवी ठेवलेली. यंत्र तिला डोळ्यांना दिसणार नाही इतकं हळू ढकलत होतं. पहिल्या संध्याकाळी मी आत जाऊन पडद्यावरचा आकडा बघितला. एकशे दहा! माझ्यापेक्षा चांगला! बाहेर येऊन मी वहिनींना मिठी मारली आणि तिथल्या सगळ्या बाकांना चहा पाजायला निघाले. तेवढ्यात आतल्या सिस्टर दारात आल्या. उंच, करड्या, हसण्यावर कर बसतो असं वाटणाऱ्या. म्हणाल्या, "बाई, तो आकडा औषधाचा आहे. त्यांचा नाही."

चहा मी पाजला, पण कुणाला गोड लागला नाही.

औषध वाढत गेलं. मग जोडीला दुसरं लावलं. आणि डॉक्टरीणबाईंनी वहिनींना बाजूला घेतलं. मी आपोआपच बाजूला गेले. "हे औषध सगळ्याच नसा आवळतं," ती म्हणाली. "हृदय आणि मेंदू चालू ठेवायचे तर टोकाकडचं रक्त कमी होतं. शिवाय जंतूंमुळे बारीक गुठळ्या होताहेत. त्यांची बोटं काळी पडायला लागलीत. औषध कमी केलं तर ते राहणार नाहीत. चालू ठेवलं तर बोटं जाऊ शकतात."

वहिनींनी फुस्स केलं नाही. साध्या आवाजात म्हणाल्या, "बोटं घ्या. माणूस ठेवा."

जिना उतरताना मात्र त्या अर्ध्यात थांबल्या. कठड्याला धरून म्हणाल्या, "डॉक्टरांनी माणूस बघावा. बोटांचं मी बघते."

मला वाटलं, दुःखात माणूस काहीबाही बोलतं. पण आयुष्यभर दुकान दोघांत वाटून चालवलेली बाई ती. इथंही तिनं वाटणी करून टाकली होती.

दुसऱ्या दिवसापासून वहिनींच्या हातात डबा दिसू लागला. मी विचारलं, "त्यांच्या नाकात नळी आहे, हा कुणासाठी? माझ्यासाठी?" त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी वेगळा पोहरा आणावा लागेल." आत भेटायला एकाच माणसाला सोडत, त्यामुळे डब्यात काय ते मला कळलं नाही. कळलं ते सिस्टरांचा आवाज काचेतून बाहेर आला तेव्हा.

डब्यात मऊ सुती फडकी होती. दुकानात इस्त्रीखाली तापवायची, डब्यात दाबून झाकण लावायचं, आणि भेटीच्या वेळात चादरीखाली हात घालून भाऊंच्या बोटांना गुंडाळायची. गार पडलेल्या वस्तूला ऊब दिली की ती ठीक होते, यावर त्या बाईचं पोट होतं.

"बाई, तुम्हाला कळतंय का?" सिस्टर म्हणत होत्या. "या बोटांना गरम-गार समजत नाही. तुम्ही निखारा ठेवलात तरी ते हात ओढून घेणार नाहीत!"

"त्यांना नाही समजत, मला समजतं ना! मी आधी गालाला लावून बघते."

"गालात रक्त आहे तुमच्या. यांच्या बोटांत नाही. भाजतील."

डबा जप्त झाला. त्याला दोन दिवसही उलटले नसतील, भाऊंच्या उजव्या हाताच्या बोटांवर फोड आले. काळपट पाण्यानं टम्म भरलेले. वहिनींनी ते बघितले आणि बाहेर येऊन भिंतीला टेकल्या. त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघालं, आणि तेही साऱ्या बाकांना ऐकू जाईल असं: "मी भाजली. माझ्या हातांनी भाजली मी."

नेमक्या त्याच वेळी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आत्याबाई फळं घेऊन जिना चढून आल्या होत्या. फळं तशीच राहिली. वाक्य मात्र आमच्या आधी गल्लीत पोचलं. रात्र उलटायच्या आत त्याला भांडण चिकटलं, सकाळी इस्त्री चिकटली.

डॉक्टरीणबाईंनी परोपरीनं समजावलं. रक्त पोचलं नाही की असे फोड येतातच. तिनं भाऊंच्या पायावरची चादर बाजूला केली. पायाची बोटंही काळी, तिथंही फोड. "इथं तुम्ही फडकं लावलं होतं?"

"नाही."

"मग?"

"पायांचं तुमच्या औषधानं," वहिनी म्हणाल्या. "हातांचं माझ्या."

याच्यापुढे कुणाची अक्कल चालणार? सिस्टर भाजतील म्हणाल्या, डॉक्टरीण भाजलं नाही म्हणाली. वहिनींनी त्यातलं स्वतःला लागेल तेवढंच उचललं.

भाऊ वाचले. औषध एकदम बंद करत नाहीत, तसं केलं तर दाब पुन्हा कोसळतो; थोडं थोडं उतरवत नेलं. भाऊंनी डोळे उघडले, माझ्याकडे बघून घसा खरवडत म्हणाले, "ही इथं म्हणजे गल्लीत आज सुट्टी का?" मी इतकी रडले की सिस्टरांनी मला बाहेर घालवलं. बोटं मात्र परत आली नाहीत. वाळलेल्या शेंगांसारखी झाली, आणि मेलेलं-जिवंत वेगळं दिसू लागल्यावर ती काढली. उजव्या हाताची चार, डाव्याची दोन. पायांची तर मी मोजलीच नाहीत.

भाऊ घरी आले आणि पुन्हा त्याच स्टुलावर बसले. वहिनी त्यांच्या हातांकडे बघत नसत. घास भरवायच्या, बटणं लावून द्यायच्या, सगळं मान वळवून. कपडे आता हँगरला लटकून जात. कुणी चुकून "घडी नाही का?" म्हटलं तर फुस्स नाही, काही नाही; नुसत्या गप्प. तापलेली बाई सोसते हो, विझलेली बघवत नाही. माझ्या टोमण्यांना उत्तर येईना, तेव्हा मी टोमणेच बंद केले, आणि मी गप्प म्हटल्यावर गल्ली घाबरली.

मग एका दुपारी कोपऱ्यावरचे विमावाले पँट घेऊन आले. वहिनी मागच्या नळावर होत्या. विमावाल्यांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि सहानुभूतीनं ओथंबून म्हणाले, "संसारात राग कुणाला येत नाही? पण म्हणून काय तापलेली इस्त्री..." मी तिथंच होते. मी डोळे वटारले, खोकले, त्यांच्या पायावर पायही दिला, पण विमा एकदा सुरू झाला की हप्ते संपल्याशिवाय थांबत नाही.

ते गेले. वहिनी बादली घेऊन आत आल्या. भाऊ म्हणाले, "अगं, तू मला इस्त्रीनं भाजलंस म्हणे."

बादली खाली ठेवल्याचा आवाज झाला. "इस्त्रीनं नाही," वहिनी म्हणाल्या. "फडक्यानं." आणि मग इतक्या महिन्यांचं सगळं बाहेर आलं. डबा, फडकी, सिस्टर, फोड. मान वळवूनच सांगितलं.

भाऊंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या हातून आजवर कुणाचा एक शर्ट जळला नाही. माझीच बोटं बरी जळतील?"

"एक जळला होता."

"कुठला?"

"माहीत असून विचारता. त्या वकिलाचा. पांढरा. पाठीवर."

"हॅ!" भाऊ म्हणाले. "त्याची मी अशी घडी घालून दिली की डाग पोटात गेला. वकील पैसे देऊन, हसून घेऊन गेला. पुढं कधी तक्रार आली?"

"कोट घालत असेल वरून."

"ज्याचा त्याला कळला नाही, तो जळला कसला?"

वहिनींच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू की हुंदका, मी पैज लावणार नाही. भाऊ म्हणाले, "फडकं तापव. तेव्हा तापवायचीस तेवढंच. गालाला लाव."

वहिनींनी प्लग लावला. फडकं तापवलं, गालाला लावलं, "हं" म्हणाल्या. ते "हं" आम्ही किती दिवसांनी ऐकलं! भाऊंनी मनगट पुढं केलं, जिथं अजून सगळं समजत होतं तिथं. वहिनींनी फडकं ठेवलं. आणि तेव्हा त्यांनी पहिल्यांदा त्या हाताकडे सरळ बघितलं.

"एवढंच?" भाऊ म्हणाले. "यानं लोणीसुद्धा वितळायचं नाही. उगीच नाव झालं तुझं."

त्यानंतर वहिनी घडी शिकल्या. भाऊ स्टुलावरून तोंडानं सांगायचे, "डावी बाही आत. अगं डावी म्हणजे शर्टाची डावी, तुझी नव्हे. आता दाबू नकोस, नुसतं टेकव." वहिनी, "तुम्हीच घाला मग!" म्हणायच्या आणि जीभ चावायच्या. भाऊ खो खो हसायचे. तरीही मला ठाऊक आहे, वहिनींच्या मनातून ते पूर्ण गेलं नव्हतं. इस्त्री तापवताना मध्येच त्या स्वतःचीच बोटं एकेक करून दाबून बघायच्या.

भाऊंची ताकद मात्र भरून आली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा ताप, पुन्हा तेच काचेचं दार, तेच यंत्र, तीच आडवी सिरिंज. डॉक्टरीणबाई तीच. ती सांगायला लागली तसं वहिनी म्हणाल्या, "माहीत आहे मला. आवळा." पण या खेपेला सपोर्ट चढत गेला आणि दाब काही वर येईना. शेवटी डॉक्टरीण म्हणाली, औषध वाढवायला आता जागा नाही, हृदयच थकलंय.

आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. त्या करड्या सिस्टर बाहेर आल्या आणि वहिनींसमोर उभ्या राहिल्या. "बाई, आज डबा नाही आणला?"

वहिनींनी मान हलवली.

सिस्टर आत गेल्या. थोड्या वेळानं त्यांनी आम्हा दोघींनाही बोलावलं. नियम कुठं गेला कोण जाणे. त्यांच्या हातात गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं होतं. त्यांनी ते आधी स्वतःच्या गालाला लावलं, आणि मग वहिनींच्या हातात दिलं. वहिनींनी तेही आपल्या गालाला लावून बघितलं. दुसऱ्याच्या गालावर विश्वास ठेवणारी बाई नव्हे ती. मग भाऊंचे दोन्ही तळवे एकत्र घेऊन त्यांवर फडकं गुंडाळलं. ते गार झालं की सिस्टर दुसरं आणून देत होत्या. पडद्यावरचा आकडा उतरत होता. कुणीच तिकडे बघत नव्हतं.

दुकान काही दिवस बंद राहिलं, मग उघडलं. स्टूल तिथंच आहे. त्याच्यावर कुणी बसत नाही, मीसुद्धा नाही. घडी घातलेले शर्ट त्याच्यावर रचलेले असतात. घडी अजून जरा तिरकी येते. परवा मी तसं म्हटलं, तर फुस्स आलं. माझ्या जिवात जीव आला.

अफवा अर्थातच जिवंत आहे. माणसं जातात, ती मागे राहते. मागच्या आठवड्यात चौथ्या मजल्यावर एक नवा भाडेकरू आलाय. कुठल्याशा कार्यालयात लागलाय, पहिल्या दिवसासाठी शर्ट घेऊन दुकानासमोर उभा. आत्याबाईंनी त्याला जिन्यातच गाठलेलं असणार. शर्ट छातीशी धरून तो आधी इस्त्रीकडे बघत होता, मग वहिनींकडे. शेवटी न राहवून म्हणाला, "मावशी, राग मानू नका, पण ते... तुमच्या मिस्टरांच्या बोटांचं म्हणतात ते खरं आहे का हो?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनींनी माझ्याकडे न बघताच हात वर केला. इस्त्री उचलली, गालाजवळ नेली, "हं" म्हणाल्या, आणि दुसरा हात त्याच्यापुढे पसरला.

"शर्ट ठेव इथं. आजवर माझ्या हातून एकच जळलाय, आणि तोही ज्याचा होता त्याला कळला नाही."